स्टॉलचं भाडं वसूल होईल की नाही, हे आधी कसं ठरवायचं? (जळगाव, सारंगखेडा, नाशिक, मुंबई)

चोपड्याची_शाई विचारते:

राम राम मंडळी. माझ्याकडे विकायला तीन प्रकारचा माल आहे. लिनोकट प्रिंट (लिनोलियमवर कोरून हाताने काढलेले छाप; ८×१० इंच, माउंट म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या पाठीसह ६०० रुपये), केळीच्या धाग्याच्या कागदाची शुभेच्छापत्रं (८० रुपये) आणि वह्या (२५० रुपये), शिवाय फ्रेम केलेली ॲक्रिलिक चित्रं (२,५०० ते ६,००० रुपये). छापील किमतीने मोजला तर सगळा माल साधारण ८० हजारांचा भरतो.

या हंगामासाठी चार पर्याय समोर आहेत:

१. जळगावला डिसेंबरात मैदानावरचं तीन दिवसांचं मिश्र प्रदर्शन. खाद्यपदार्थ, साड्या, दागिने, सगळंच. १०×१० फुटांचा स्टॉल ४,००० रुपये, जीएसटी नाही.

२. सारंगखेड्याची यात्रा. दर अजून विचारलेला नाही.

३. नाशिकला फक्त कला-हस्तकलेचं तीन दिवसांचं प्रदर्शन. ९,००० अधिक १८ टक्के जीएसटी.

४. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव. अर्ज करावा का, इथूनच प्रश्न आहे.

सगळीकडे जाण्याइतके पैसे नाहीत. फक्त भाडं पाहून ठरवलं तर जळगाव स्वस्त दिसतं, पण तिथे चित्रं घेणारं गिऱ्हाईक येतं का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

---

हिशोबी_कुंचला:

ताई, भाडं जरा बाजूला ठेवा. आधी तासाला किती पावत्या फाडाव्या लागतील ते काढा, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडतं.

नाशिक घेऊ. भाडं जीएसटीसह १०,६२०. चोपडा-नाशिक जाऊन-येऊन पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. छोटा हत्ती दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतला तर तुमच्या वाट्याला ५,००० धरा. दोघांचा तीन रात्रींचा मुक्काम ३,६००. दोघांचं चार दिवसांचं खाणं-चहा २,८००. मदतनिसाची चार दिवसांची रोजी २,०००. हमाली आणि जादा दिवे ८००. बेरीज २४,८२०. भाडं यात निम्मंसुद्धा नाही, हे लक्षात घ्या. लोक भाड्याच्या हजार-पाचशेवर घासाघीस करतात आणि वाहतुकीचा आकडा घरी आल्यावर बघतात.

आता १०० रुपयांच्या विक्रीतून किती उरतं? कागद, शाई, माउंट, फ्रेम मिळून ३०, पिशवी-पॅकिंग ३, सूट आणि खराब झालेला माल ७. राहिले ६०. म्हणून २४,८२० भागिले ०.६० म्हणजे ४१,३६७ रुपयांची विक्री झाली तर तुम्ही जिथल्या तिथे. यात तुमची स्वतःची मजुरी नाही, आणि ती धरायलाच हवी. प्रदर्शनाचे तीन, जाण्या-मांडण्याचा एक, आधीच्या तयारीचे दोन, असे सहा दिवस, ८०० रुपये रोजाने ४,८००. मग लागणारी विक्री ४९,३६७ होते.

सरासरी पावती ४५० रुपयांची धरली तर ११० पावत्या. प्रदर्शन सकाळी अकराला उघडत असलं तरी खरेदीची वेळ संध्याकाळी पाच ते साडेनऊच, शनिवार-रविवारी त्यात थोडी भर. तीन दिवसांत मिळून १४ तास धरा. म्हणजे तासाला आठ पावत्या. एक गिऱ्हाईक माल दाखवून, निवडून, बांधून, यूपीआयचा आवाज येईपर्यंत सहा-सात मिनिटं घेतं. आठ पावत्यांत सगळा तास गेला. नवं माणूस येऊन उभं राहिलं तर त्याच्याकडे बघायलाही कुणी मोकळं नाही. पावतीची सरासरी तीच ठेवली तर नाशिकचा हिशोब कागदावरच अडकतो.

त्यावर उपाय सरासरी वाढवण्याचा. ७०० ची पावती झाली तर ७१ पावत्या पुरतात, तासाला पाच. त्यासाठी सुटा माल जोडून विका. तीन प्रिंट १,५०० ला, वही आणि दोन कार्डं ४०० ला. पण किमती वाढवून सरासरी वाढवायला जाऊ नका, पावत्या त्याहून वेगाने घटतात. आणि जोडीच्या मालातलं उरणं वेगळं मोजा: तीन प्रिंटवर ३०० आधीच सोडलेत, त्यावर आणखी सूट द्यायची नाही.

जळगावचं गणित: भाडं ४,०००, टेम्पो दोन्ही फेऱ्या ३,०००, दोघांचं रोजचं एसटीने येणं-जाणं ६०० (महिलांना अर्धं तिकीट आहे, ते धरून), खाणं ९००, मदतनीस १,५००. एकूण १०,०००. पाच दिवसांची मजुरी ४,००० धरून लागणारी विक्री २३,३३३. पावत्या ५२. खरेदीचे तास १२ धरले तर तासाला चार-साडेचार. हे दोन माणसांना झेपतं.

राहिला माल. टेबलावर जेवढा माल मांडतो त्याच्या फार तर ३५-४० टक्के तीन दिवसांत जातो. कारण लोक निवडून घेतात, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्यात निवड उरत नाही. ५० हजारांच्या विक्रीला सव्वा ते दीड लाखाचा माल हवा. तुमच्याकडे ८० हजारांचा आहे, त्यातून २८ ते ३२ हजार निघतील. गर्दी कितीही चांगली असली तरी नाशिकला या मालावर भाडं फिटणार नाही. जळगावला फिटेल.

---

तापीकाठचा:

सारंगखेड्याबद्दल. ही यात्रा एकमुखी दत्ताची, दत्त जयंतीपासून सुरू होणारी, आणि ओळख घोडेबाजाराची. तिथे येणारं कुटुंब घरातून यादी घेऊन निघतं. घोडेवाले लगाम, खोगीर, घुंगरं बघतात, बाया भांडी आणि घरसामान, पोरं पाळणे आणि खेळणी. भिंतीवर लावायला चित्र घ्यावं म्हणून कुणी निघालेलं नसतं. ४,००० रुपयांच्या फ्रेमसमोर माणसं थांबतील, "कितलाले शे?" (केवढ्याला आहे?) विचारतील आणि पुढे सरकतील. त्यात त्यांचा दोष नाही, तुमचा माल त्या यादीत नाही.

तरी जायचंच असेल तर मालच वेगळा करा. घोड्याचे लिनोकट, पोस्टकार्डाएवढे, ५० ते १५० रुपयांत. घोड्याच्या शौकिनांसाठी थोडे मोठे प्रिंट, तेही जातीची ठेवण बरोबर असेल तरच. मारवाडी आणि काठियावाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना भिडायला येतात. तिथला माणूस आधी कान बघतो. कान चुकले की प्रिंट खाली ठेवतो.

धुळीचं सांगून ठेवतो. नदीकाठची माती आणि टापा, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्यावर थर बसतो. उघडा कागद मांडूच नका. प्रत्येक प्रिंट पारदर्शक पाकिटात. केळीच्या कागदाचा पोत खरखरीत असल्याने त्यात गेलेली धूळ झटकून निघत नाही, तो माल खराबच झाला समजा.

यात्रेत जागा अनेकदा फुटावर आणि संपूर्ण काळासाठी देतात. तीन दिवसांचा माल घेऊन दहा दिवस बसायचं म्हणजे मुक्काम आणि मजुरी तिप्पट. दर विचाराल तेव्हा "किती दिवस?" हे आधी विचारा.

तारखाही बघा. दत्त जयंती २०२५ मध्ये ४ डिसेंबरला आली होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा, दिवाळीच ८ नोव्हेंबरला. म्हणजे यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात जाते आणि तुमच्या जळगावच्या प्रदर्शनाशी आठवड्यांची टक्कर होऊ शकते. पंचांग समोर ठेवूनच अर्ज भरा.

---

धुळ्याची_नंदा:

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत. एक भर: आपल्या भागात कापूस विकून पैसा हातात आला की बाजार हलतो, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. नोकरदारांसाठी महिन्याचा पहिला पंधरवडा. २५ तारखेनंतरचं प्रदर्शन असेल तर भाड्यात सूट मागा, आयोजकालाही ते ठाऊक असतं. आणि एप्रिल-मेमध्ये मांडवातलं कुठलंही प्रदर्शन नको. दुपारी कुणी फिरकत नाही, खरेदीचे तास निम्म्यावर येतात, भाडं मात्र पूर्ण.

---

मांडव_बघणारा:

आयोजक कसा पारखायचा हे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पैसे बुडतात ते बहुतेक इथेच.

गेल्या वर्षीचे फोटो मागवा आणि त्यात गर्दी बघू नका. बाहेर पडणाऱ्यांच्या हातात पिशव्या आहेत का ते बघा. गर्दीचे फोटो खाण्याच्या गल्लीत किंवा गाण्याच्या कार्यक्रमापुढे काढलेले असतात. शक्य असेल तर यंदा ते प्रदर्शन नुसतं पाहून या. संध्याकाळी सात वाजता बाहेरच्या फाटकाशी पंधरा मिनिटं उभं राहून मोजा: बाहेर पडणाऱ्या शंभर माणसांत किती जणांकडे खरेदीची पिशवी आहे आणि त्यातल्या किती पिशव्या कला-हस्तकलेच्या स्टॉलच्या. शंभरात पाचसुद्धा नसतील तर तुमच्या मालाला ती जागा नाही. जाण्या-येण्याचा खर्च चार-पाचशे रुपये, वाचतात त्याच्या कितीतरी पट.

जुन्या स्टॉलधारकांना फोन करा. आयोजकाने दिलेल्या नंबरांवर थांबू नका, त्यांच्याच समाजमाध्यमांवरच्या फोटोतल्या पाट्या वाचून नाव शोधा. "विक्री किती झाली?" याचं खरं उत्तर कुणी देत नाही. "यंदा परत घेताय का? आणि तीच जागा मागितलीत का?" असं विचारा.

मग आयोजकाला हे प्रश्न, व्हॉट्सॲपवर लेखी:

एकूण स्टॉल किती आणि त्यात चित्र-प्रिंटचे किती? चाळीस स्टॉलांत चार चालतात, दहा झाले तर सगळ्यांचंच नुकसान. घाऊक आणून विकणाऱ्यांना प्रवेश आहे का? यंत्रावर छापलेल्या तयार फ्रेम ३०० रुपयांना शेजारी लागल्या की तुमचा ६०० चा हाताने काढलेला प्रिंट महाग ठरतो, आणि समजावत बसायला वेळ नसतो. भाड्यात काय येतं? नेहमी एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग, एक-दोन दिवे, पण काही ठिकाणी प्लगचे वेगळे पैसे लावतात. वीज गेली तर जनरेटर आहे का? माल रात्री कोण राखतं? गाडी स्टॉलपर्यंत येते का, आणि किती वाजेपर्यंत? पाऊस किंवा परवानगीच्या अडचणीने रद्द झालं तर पैसे परत मिळतात की "पुढच्या वेळी जागा देऊ" एवढंच? विक्रीवर वेगळं कमिशन आहे का?

जीएसटी लावत असतील तर त्यांचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नाव आणि सध्याची स्थिती दोन्ही दिसतात. नोंदणी रद्द झालेली दिसली तर पैसे देऊ नका. रक्कम नेहमी संस्थेच्या खात्यात, खासगी माणसाच्या नंबरवर नाही.

आणि नकाशावर स्टॉल क्रमांक पक्का झाल्याशिवाय अर्ध्याहून जास्त रक्कम देऊ नका. कोपऱ्याच्या स्टॉलला दोन बाजू उघड्या मिळतात म्हणून जादा पैसे मागतात. प्रिंट आणि कार्डवाल्याला ते फायद्याचं, लोक दोन्ही बाजूंनी हात घालून बघतात. मोठी चित्रं लावणाऱ्याला तोट्याचं, कारण एक भिंत कमी होते.

---

रंगशाळा_भुसावळ:

काळा घोड्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. १९९९ पासून होणारा महोत्सव, जानेवारी-अखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नऊ दिवसांचा. नाव मोठं, गर्दी प्रचंड, आणि त्यात कॉलेजची मुलं आणि फोटो काढणारे बरेच. भाडं सोडा, नुसता राहण्या-खाण्याचा हिशोब करा. दोघांचा मुक्काम रात्री २,५०० धरला तर दहा रात्रींचे २५,०००, खाणं ८,०००. हे ३३ हजार फक्त राहण्याचे, आणि ते भरून काढायलाच वरच्या ६० टक्क्यांच्या सूत्राने ५५ हजारांची विक्री लागते. भाडं, वाहतूक, मजुरी त्यावर.

पण हेच आकडे उलटे फिरवता येतात. डोंबिवली-कल्याणला नातेवाईक असतील तर मुक्काम शून्य. फ्रेम न नेता फक्त प्रिंट, कार्डं आणि वह्या नेल्या तर टेम्पो लागत नाही. दोनशे सुटे प्रिंट एका फोल्डरमध्ये मावतात. भुसावळ-जळगावहून थेट गाडीने मुंबईला उतरा, सीएसएमटीहून काळा घोडा जवळ आहे. फ्रेम गेली की १०० रुपयांतून ६० ऐवजी ७०-७५ उरतात. लांबच्या प्रदर्शनाला फक्त चपटा माल, हा नियमच ठेवा. तरी ताई, पहिल्याच वर्षी नको. निवड होते, अर्ज काही महिने आधी भरावा लागतो, आणि त्यात मालाचे नीट काढलेले फोटो लागतात. यंदा जळगावला स्टॉल लागेल तेव्हा ते फोटो काढून ठेवा.

दुसरा मार्ग बिनभाड्याचा किंवा अगदी कमी भाड्याचा. केंद्र सरकारच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र असलं की गांधी शिल्प बाजारासारख्या सरकारी हस्तकला प्रदर्शनांत अर्ज करता येतो. तुमचं केळीच्या धाग्याचं काम त्यात बसवून बघा. कॅनव्हासवरच्या स्वतंत्र चित्रांना तो मार्ग तितका सरळ नाही. ग्रामीण भागातल्या बचत गटात असाल तर उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनाला गटाच्या नावाने जाता येतं. पंचायत समितीत उमेदच्या माणसाला विचारा.

---

चोपड्याची_शाई:

सगळ्यांचे आभार. माल कमी पडतोय हे लक्षातच आलं नव्हतं. दोन शंका. एक, पुढे सुरतेला किंवा इंदूरला जायचं झालं तर जीएसटी नोंदणी लागते का? माझी उलाढाल फार लहान आहे. दोन, जळगावच्या स्टॉलला पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती आहेत, खिळा मारायचा नाही म्हणाले. फ्रेम कशा लावायच्या?

---

हिशोबी_कुंचला:

राज्यातल्या राज्यात मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्यात नेऊन विकायचं म्हटलं की एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मात्र हाताने केलेल्या, सरकारी यादीतल्या हस्तकला वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे. त्यासाठी पॅन आणि मालासोबत ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हवं, माल कितीही थोडा असला तरी. तुमची एकेक वस्तू यादीत कुठल्या नावाखाली बसते ते सीएकडून लिहून घ्या आणि तो कागद गाडीत ठेवा. नंदुरबार ओलांडल्यावर नवापूरच्या रस्त्यावर गाडी थांबली तर तोंडी सांगून भागत नाही.

आणि नाशिकवाल्यांनी भाड्यावर लावलेला १८ टक्के जीएसटी तुम्हाला परत मिळणार नाही, कारण तुमची नोंदणी नाही. म्हणून तो पूर्ण खर्चात धरला आहे.

---

मांडव_बघणारा:

त्या भिंतींना ॲल्युमिनियमची चौकट असते आणि एकेक पट्टा साधारण मीटरभर रुंद. वरच्या आडव्या पट्टीला अडकणारे एस आकाराचे हूक घ्या, त्यातून बारीक साखळी सोडा आणि साखळीच्या कड्यांत फ्रेम अडकवा. साखळीने उंची हवी तशी बदलता येते, दोरीने येत नाही. एका पट्ट्यावर एकच मोठी फ्रेम, किंवा खाली-वर दोन लहान. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप फ्रेमला वापरू नका. संध्याकाळच्या दमटपणात सुटते आणि काच फुटते. काचेऐवजी २ मिलिमीटरचं ॲक्रिलिक बसवलंत तर वजनही घटतं.

स्टॉलसोबतच्या दिव्याचा झोत बहुतेक टेबलावर पडतो, भिंतीवर नाही. दोन क्लिपचे एलईडी स्पॉट न्या, १०-१२ वॉटचे, ४,००० केल्विनच्या आसपास, म्हणजे ना फार पिवळे ना निळसर पांढरे. पिवळ्या दिव्यात निळे-हिरवे रंग मेलेले दिसतात. दहा मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड न्या, प्लग हमखास मागच्या कोपऱ्यात असतो.

ॲक्रिलिक चित्रं नेताना समोरासमोर ठेवू नका, उन्हात तापलेल्या टेम्पोत रंग मऊ होऊन एकमेकांना चिकटतो. मध्ये बटर पेपर. फुग्यांचं प्लॅस्टिक गुंडाळाल तर फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर वार्निशवर गोल गोल ठसे उमटतात.

---

धुळ्याची_नंदा:

यूपीआयसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. रविवारी संध्याकाळी मैदानावर नेटवर्क गुदमरतं आणि पैसे अडकले की गिऱ्हाईक माल ठेवून जातं. सुटे पैसेही हवेत, शंभराच्या आणि वीसच्या नोटा मिळून दोन हजारांचे.

---

चोपड्याची_शाई:

ठरलं. यंदा जळगाव. तोवर कार्डं आणि वह्यांचा माल वाढवते, फ्रेम फक्त सहा नेते. नाशिकला यंदा स्टॉल नाही, रविवारी जाऊन फाटकाशी पिशव्या मोजते. जळगावच्या आयोजकांकडून मांडणीचा नकाशा मागवला आहे.

---

मांडव_बघणारा:

नकाशा आला की दोन गोष्टी बघा ताई. जनरेटर कुठे आहे, आणि भरीत-भाकरी, भज्यांची गल्ली कुठे संपते. जनरेटरशेजारचा स्टॉल स्वस्तात देतात, पण आवाजात माणूस दोन मिनिटं थांबत नाही आणि चित्राला तेवढी दोन मिनिटं लागतातच. खाण्याच्या गल्लीला लागून असाल तर तेलकट हात तुमच्या कागदाला लागतात. तिथून चार-पाच स्टॉल पुढे, खाऊन बाहेर पडायच्या वाटेवर जागा मिळाली तर ती घ्या. हात धुऊन, पोट भरून, निवांत चालणारी माणसं तिथूनच जातात.